तुसाच्या राखेचा पाय

नव्या मुंबईला कोणी हौसेने जात नाही. लोक महाबळेश्वरला जातात, कोकणात जातात, आणि परत आल्यावर धुक्याबद्दल नाहीतर समुद्राबद्दल लिहितात. मी मे महिन्याच्या सुट्टीत आठवडाभर नव्या मुंबईत राहून आले आणि तिथल्या एका पत्र्याच्या शेडबद्दल लिहिणार आहे. ज्यांना धुकं हवं असेल त्यांनी इथेच थांबावं.

मी पाटण तालुक्यातल्या डोंगरावरच्या एका वाडीत शिक्षिका आहे. शाळा एकशिक्षकी, म्हणजे हेडमास्तर मीच आणि शिपाईही मीच. एस.टी. जिथे सोडते तिथून वर दीड तासाची चढण. माझा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. तो कसा गेला ते मी सांगणार नाही. भेटणारा प्रत्येक माणूस पहिल्या पाच मिनिटांत तेच विचारतो आणि उत्तर ऐकून हळहळतो. त्या हळहळीचा मला उपयोग नाही.

उपयोग आहे तो टिकणाऱ्या पायाचा. पावलं दोन प्रकारची मिळतात. रबराचं पाऊल दणकट, पण इतकं जड की चढण संपेपर्यंत पट्ट्याखाली कातडी सोलून निघते. दुसरं फोमचं. ते लाहीसारखं हलकं. पण दोन वर्षांत माझी अशी तीन पावलं मोडली, आणि प्रत्येक वेळी बोटांकडचा भाग फाटला. मार्चमध्ये तिसरं मोडलं तेव्हा आमच्या विस्तार अधिकाऱ्यांनी बदलीचा कोरा अर्ज माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "बाई, हट्ट सोडा. खाली रस्त्यावरची शाळा देतो. खुर्चीत बसून शिकवा."

माझ्या आधीच्या दोघा गुरुजींनी वर न चढताच हजेरीवर सह्या केल्या होत्या. मी खाली आले तर वर कोणी जाणार नाही, हे साहेबांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मग शाळा कागदावर बंद होईल, लहान पोरं ओढा ओलांडून खाली येणार नाहीत, आणि शिक्षण सुटेल ते आधी मुलींचं. मी अर्ज घडी घालून पर्समध्ये ठेवला. साहेब म्हणाले, "शाळा उघडायच्या आत एक तर टिकणारा पाय दाखवा, नाहीतर हा भरून आणा."

आता राखेचं सांगते. आमच्याकडे भिंत लिंपताना मातीत भाताचं तूस मळतात. नुसत्या मातीचा लेप वाळला की तडकतो. तूस असलं की तडा सुरू होतो खरा, पण तुसापाशी येऊन अडतो. मोडलेलं पाऊल मी हातात घेऊन पाहिलं तर आत सगळी भोकंच भोकं, आणि दोन भोकांच्या मधली भिंत कागदाएवढी. फाटते ती ही भिंत. तिच्यात बारीक, टणक कण बसवले तर? तूस काही एवढं बारीक होणार नाही, पण तुसाची राख होईल. वाळूला जे टणकपण देतं तेच तिच्यात असतं. म्हणून तर तिने पितळ घासलं की लख्ख होतं. साताऱ्याला पाय बसवून देणारे कारागीर हे ऐकून पोट धरून हसले. "बाई, पाय म्हणजे काय गोठ्याची भिंत आहे?" पण माणूस भला. त्यांनी माझ्या मापाचा साचा दिला आणि नेरूळजवळच्या शिरवणे गावातल्या बाळारामशेठच्या नावे चिठ्ठी दिली. त्यांची फोमची पावलं तिथेच ओतली जात.

तर एका पिशवीत साचा, दुसरीत राखेचं गाठोडं आणि पायात सुताराकडून डागडुजी केलेलं तेच तिसरं पाऊल, अशी मी निघाले.

कळंबोली

माझा आतेभाऊ शंकर तुर्भ्याच्या बाजारात माथाडी आहे. तो टेम्पो घेऊन मला कळंबोलीला घ्यायला येणार होता. एस.टी.ने मला लोखंडाच्या बाजाराच्या तोंडाशी उतरवलं. आमच्याकडे बाजार म्हटला की भाजी, मिरची, बांगड्या. इथे बाजारात सळया, पत्र्याची वेटोळी, गर्डर. ट्रेलर इतके लांब की वळताना पुढचं चाक कुठे आहे हे मागच्याला कळत नसावं. जमीन गंजाने तांबूस झालेली आणि ऊन असं की लोखंडावर भाकरी भाजली असती.

शंकर दिसेना म्हणून मी चार पावलं पुढे गेले आणि डावा पाय ट्रेलरच्या चाकोरीत अडकला. टर्रकन आवाज आला. खाली पाहिलं तर चपलेचं टोक आभाळाकडे. नव्या मुंबईत पाऊल ठेवून दहा मिनिटं झाली नव्हती आणि ठेवायला पाऊलच उरलं नव्हतं. मी भर रस्त्यात बसले आणि मोठ्याने एक शिवी दिली. शिक्षिकेने देऊ नये अशी होती.

समोरच्या टपरीतला पंक्चरवाला उठून आला. पिकलेल्या दाढीचा, हात कोपरापर्यंत काळे. त्याने मला ट्रकच्या टायरवर बसवलं, पाऊल सोडवून घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"ताई, इसमें तो सब हवा है," तो म्हणाला.

"हवाच आहे. म्हणून तर हलकं आहे."

त्याने फाटक्या टायरचा एक तुकडा उचलून माझ्या हातात दिला. "ये काला क्यों है, मालूम? रबर काला नहीं होता. इसमें काजल जैसा पावडर पड़ता है. पावडर नहीं पड़ा ना, तो ट्रक पूना भी नहीं पहुँचेगा."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. साताऱ्याचे कारागीर ज्या गोष्टीला हसले, ती हा माणूस चहाबरोबर सांगावी तशी सांगत होता. त्याने सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, सोल्यूशन लावलं आणि पाऊल घट्ट गुंडाळून दिलं. टायरचा तुकडा मी मागून घेतला. पाय कसा गेला हे न विचारणारा अख्ख्या प्रवासात तो एकटाच निघाला.

नेरूळ

शंकर आणि सुमनवहिनी सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. आमच्या वाडीत दार रात्री लावतात. इथे दिवसा लावलेलं दार रात्रीसुद्धा लावलेलंच. प्रत्येक दारावर नावाची पाटी आणि प्रत्येक पाटीमागे वेगळा मुलूख. जिन्यावर एकीकडून सुक्या मासळीचा वास येतो, दुसरीकडून हिंगाच्या फोडणीचा. कोणी कोणाला "कुठले तुम्ही?" म्हणून विचारत नाही, कारण सगळेच कुठूनतरी आलेले. मला हे आवडलं. वाडीत माझी सात पिढ्यांची ओळख सांगतात आणि शेवटी पायावर येऊन थांबतात.

वहिनींनी गरम भाकरी आणि खरडा वाढला. शंकर ट्यूब गुंडाळलेल्या पायाकडे बघत म्हणाला, "आक्का, कशापायी एवढा तरास? साहेब बसून पगार देतोय म्हनल्यावर घ्यावा की."

"तू बसून पगार घेशील?"

"माजं येगळं हाय. मला बसलं की कंबार धरतीया."

"माझंही तसंच आहे," मी म्हटलं.

शिरवणे

शिरवणे मूळचं गाव. चारी बाजूंनी नव्या इमारती आणि कारखाने वाढले, पण आतल्या गल्ल्या जुन्याच, देवळापुढचा कट्टाही जुनाच. बाळारामशेठची शेड गावाच्या कडेला आहे. शेठ आगरी, पन्नाशीचे, गळ्यात जाड साखळी. त्यांच्या वडलांची भातशेती नव्या शहरात गेली, त्यातून ही शेड उभी राहिली. कामाला एकच बाई होती, सारसोळ्याची हिराबाई कोळीण, कासोटा मारून साच्यांत फोम ओतणारी.

चिठ्ठी वाचून शेठ खुश झाले. चहा मागवला. मग मी राखेचं गाठोडं सोडलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"पावडर? नाय ताई. माज्या शेडमंदी पावडर येनार नाय."

मला वाटलं राखेचं अशुभ मानत असतील. पण कारण वेगळंच होतं. या धंद्यात पावडर म्हणजे लबाडी. "गादीवाले येतान," शेठ म्हणाले, "बोलतान, शेठ, चुना टाका, आमाला फोम किलोवर इकायचाय. गिऱ्हाईक उचलून बगतं, जड लागतं, त्याला वाटतं मजबूत हाय. सा महिन्यान भुगा व्हतंय. माजा पार्टनर त्योच धंदा करायचा. त्याला मी ह्याच दारातून हाकलला. तवापासून पावडर बंद."

या माणसाचा मला राग यायला हवा होता, पण आला नाही. एखाद्या गोष्टीवर असं अडून बसणारी माणसं मला समजतात. मी टायरचा तुकडा काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"शेठ, यात पावडर आहे. ती काढा आणि ट्रक चालवून दाखवा."

"त्यो टायर हाय."

"आणि हा माझा पाय आहे. तुमचा पार्टनर वजन वाढवायला पावडर घालत होता. मला वजन नकोच आहे. तुमच्या साध्या पावलापेक्षा माझं पाऊल तागडीत जड भरलं, तर मी साचा उचलून घरी जाईन. पुन्हा तोंड दाखवणार नाही."

हिराबाई कोपऱ्यातून म्हणाली, "शेट, बाय डोंगरावून आलीय. येकदा वतून तं बगू. नाय झालं तं फेकू."

"जड भरला तं जायाचं," शेठ म्हणाले. मी मान हलवली.

फोम होतो कसा, ते सांगते. दोन रसायनं असतात. एक मधासारखं, दुसरं काकवीसारखं. आधी मधात राख ढवळायची, मग काकवी ओतायची, की मिश्रण गरम होऊन फुगायला लागतं. फुगण्याच्या आत ते साच्यात जाऊन झाकण आवळलं गेलं पाहिजे. हिराबाई नाका-तोंडाला पदर बांधून, मनाशी श्वास मोजून ढवळायची. मला श्वासांचा भरवसा वाटेना. मी म्हटलं, मी तेराचा पाढा म्हणते, तेरा दाहे एकशे तीसला ओता. शेठना हसू आवरेना, पण हिराबाईने पाढ्यावर ओतलं.

झाकण आवळलं आणि एका मिनिटात साच्याच्या फटींतून फोम बाहेर यायला लागला. दूध उतू जावं तसा तो झाकण रेटत, बाकावर पसरत वर आला. निवल्यावर कापून पाहिलं तर आत बोट जाईल एवढाली भोकं.

"ह्या पाय हाय का घावन?" शेठ म्हणाले.

चूक माझीच होती, आणि ती चूक शिक्षिकेने करायची नव्हती. राख ओल धरते हे मी पोरांना दरवर्षी शिकवते. माझं गाठोडं फडक्यात बांधलेलं, खाडीच्या दमट हवेत उघडं पडलेलं. शेठनीच सांगितलं, "थेंबभर पानी लागलं तरी ह्या काकवीला पिसाट येतं." मला रडू आलं. ते रागाचं होतं, आणि सगळा राग माझ्यावरच होता. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "परवा येते. राख कोरडी करून आणते."

पुन्हा नेरूळ

राख कोरडी करायची म्हणजे भाजायची. मी वहिनींकडे लोखंडी कढई मागितली.

"काय भाजायचंय?"

"राख."

वहिनींच्या हातातली कढई हातातच राहिली. "आक्का, राख? घरातल्या शेगडीवर? आवो, घरात राख येती ती एकाच ठिकानावरनं." त्यांचं चुकीचं नव्हतं. मी समजावलं, ही भाताच्या तुसाची आहे, माणसाची नाही. त्या देवापुढे उदबत्ती लावून आल्या आणि मग परवानगी मिळाली, तीही खिडक्या बंद ठेवायच्या अटीवर. मेच्या दुपारी बंद स्वयंपाकघरात मी भाजणीसारखी राख परतत होते. आधी तिच्यातून वाफ निघाली, मग ती पाण्यासारखी हलायला लागली, कढईत वाहायला लागली. तेव्हा कळलं की कोरडी झाली.

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या बाई. "तुमच्याकडे काय जळतंय का हो? सोसायटीत काही झालं तर जबाबदार कोण?" मी बाहेर जाणार तोच वहिनी दारात उभ्या राहिल्या. थोड्या वेळापूर्वी देवापुढे हात जोडणाऱ्या याच वहिनी.

"आमच्या आक्का पाय करत्यात," त्या ठणकावून म्हणाल्या. "तुमच्या घरात काय शिजतंय ते आमी कदी इचारलंय का?"

दार लावून घेतलं आणि दोघी पोट दुखेपर्यंत हसलो. मग वहिनींनी जुनी वॉयलची साडी फाडली. आम्ही राख पाट्यावर वाटून त्या फडक्यातून तीनदा गाळली. वस्त्रगाळ राख गरम असतानाच स्टीलच्या डब्यात भरली आणि झाकणाभोवती कणीक लावली.

परत शेडवर

या वेळी फोम शहाण्यासारखा फुगला. हावरटपणा मी केला. इतक्या कष्टाने केलेली राख, थोडी कशी घालायची? तीन मुठी घातल्या. पाऊल करडं, गुळगुळीत, देखणं निघालं. शेठनी तागडीच्या एका पारड्यात साधं पाऊल ठेवलं, दुसऱ्यात माझं. माझं पारडं खाली बसलं. मग त्यांनी ते शिकंज्यात धरून बोटांकडून वाकवलं. शिळ्या भाकरीसारखं कडकन मोडलं.

"जड बी झाला न् मोडला बी," शेठ म्हणाले.

शब्द मी दिला होता. वाद घालता आला असता. घालणं मला जमतंही. पण पावडरीबद्दल दिलेला शब्द याच शेडमध्ये एकाने मोडला होता, मी दुसरी होणार नव्हते. मी साचा फडक्यात गुंडाळायला घेतला. पर्समधला कोरा अर्ज मला त्या क्षणी आठवला. वाडीतली पोरं एकेक करून डोळ्यांपुढे आली. हिराबाईने साच्याचं एक टोक धरून ठेवलं.

शेठ मोडलेले दोन तुकडे घेऊन दारातल्या उजेडात गेले. बराच वेळ मोडलेली बाजू बघत राहिले, नखाने खरवडत राहिले.

"थांब गो बाय," ते म्हणाले. 'ताई'ची बाय झाली होती. "ही जाली बग."

जाळी दाखवायला त्यांनी आपल्या साध्या फोमचा काप शेजारी धरला. त्यात लहान-मोठी, वेडीवाकडी भोकं होती. माझ्या मोडक्या पावलात सगळी भोकं सारखी, खसखशीएवढी. राखेच्या प्रत्येक कणाभोवती एकेक बुडबुडा धरला असावा.

"बारा वर्सं वततंय मी," शेठ म्हणाले. "येवढी बारीक जाली माज्या हातून कवा आली नाय. राख खोटी नाय. तुजा हात मोकला हाय. मीठ कोन मुठीनं टाकतं?"

"पण शब्द..."

"शबूद मना दिलावता ना? मी परत देतंय. वत आता."

मी मूठ सोडून चिमटीवर आले. राख आधी मधात इतका वेळ घोटली की हिराबाईचा हात दुखला, मग माझा, मग शेठनी साखळी शर्टात टाकून स्वतः काठी घेतली. एकही गुठळी राहू दिली नाही. तेराचा पाढा तिघांनी मिळून म्हटला. शेठ तेरा साते एक्क्याण्णवला अडखळले.

तागडीत दोन्ही पारडी बरोबर राहिली. शिकंज्यात बोटं वाकली आणि सोडल्यावर परत आली.

तुर्भे

शेठ म्हणाले, शिकंजा खरा नाही, रोजच्या पावलांखाली टिकला पाहिजे. ती सोय शंकरने केली. ट्रकमधून गोणी उतरवताना माथाडी एका लाकडी फळीवरून ये-जा करतात. शंकरने तिचं खालचं टोक जमिनीवरून उचलून दोन पावलांवर टेकवलं. डावीकडे शेठनी आणलेलं साधं पाऊल, उजवीकडे राखेचं.

सकाळी सहाला कांद्याच्या गाड्या लागल्या आणि शंकरची टोळी चालायला लागली. पाठीवर गोणी, मान पुढे, फळीवर धप्, धप्. शेजारच्या गाळ्यातून हापूसचा घमघमाट येत होता. शेठ एका पोत्यावर बसून फळीवरची नजर काढत नव्हते; मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि चहा हातातच निवला. आमच्याकडे बाईमाणूस बाजारात अशी पोत्यावर बसली तर गावभर होईल. इथे कोणाला सवड नव्हती.

दहाच्या सुमाराला फळी डावीकडे कलली. एक गडी ओरडला, "ए शंकर, पाय गेला रं!" साधं पाऊल बोटांपाशी फाटून चपटं झालं होतं. शंकरने उजवीकडचं काढून हातात दिलं. वर फळीच्या कडेचा वळ उठला होता. तो आमच्या देखत हळूहळू भरून आला.

"ठिवा परत," मी म्हटलं. "गाड्या संपल्या नाहीत अजून."

शंकरने डाव्या बाजूला वीट लावली आणि टोळी पुन्हा चालू लागली. दुपारी शेवटची गाडी रिकामी झाली तरी माझं पाऊल शाबूत होतं. शंकर घाम पुसत आला. "आक्का, आता तू फकस्त ह्याच्यावर उबी ऱ्हा. तू काय कांद्याच्या गोनीपरास जड न्हाईस."

शेठ उठले. "माज्या शेडमंदी पावडर येनार," ते म्हणाले, "पन तुज्या गावची. दुसऱ्या कोनाची नाय."

सारसोळे

निघायच्या आदल्या दिवशी हिराबाईने जेवायला बोलावलं. नेरूळच्या इमारती संपतात आणि सारसोळ्याचे होड्या लावलेले धक्के सुरू होतात. मधे जेमतेम एक रस्ता. तिने तांदळाची पांढरी, पातळ भाकरी आणि निवट्यांचं कालवण केलं होतं. निवटे हे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे मासे. ते ताटातही माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. आमच्याकडे मासा म्हणजे ओढ्यातला मळ्या, तोही वर्षातून दोनदा. मी डोळे मिटून पहिला घास घेतला आणि नंतर तीन भाकऱ्या खाल्ल्या.

जेवण झाल्यावर हिराबाई म्हणाली, "चल, चिखलान चालून दाखव. सुक्यावर कोनपन चालतं."

ओहोटी लागली होती. मी नव्या पावलासह साडी खोचून खाली उतरले. चिखल पोटरीपर्यंत, आणि वर ओढताना तो पावलाला असा धरायचा की जुनं असतं तर तिथेच राहिलं असतं. होडीवरच्या कोळणी हसत होत्या. मी वीसेक पावलं गेले आणि आपटले. आपटले ती उजव्या, माझ्या स्वतःच्या पायाने घसरून. डावा जागच्या जागी घट्ट उभा होता. हिराबाईने दोन्ही हातांनी मला वर ओढलं आणि म्हणाली, "ह्यो उजवा बी वतून घे गो!"

संध्याकाळी शेडवर नेऊन तिने मला शेवटचं ओतणं करायला लावलं. स्वतः लांब उभी राहिली, हात लावला नाही. मोजलं मी, घोटलं मी, पाढा मी म्हटला, झाकण मी आवळलं. शेडमधलं हे चौथं पाऊल पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या हातचं. निघताना शेठनी माझ्या साच्याबरोबर दोन्ही रसायनांचे दोन घट्ट डबे दिले आणि पाणी लागू देऊ नको, उघड्यावर ओत, श्वासात घेऊ नको, असं चारचारदा बजावलं.

परत

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी पाटणला साहेबांपुढे उभी राहिले. त्यांनी खुर्ची पुढे केली. मी बसले नाही.

"अर्ज आणलात?"

"कोराच आहे."

त्यांनी चष्म्यावरून पावलाकडे पाहिलं. मी टेबलापासून दारापर्यंत चालून दाखवलं, जिना उतरले, चढले. साहेब वाईट नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की ते माझ्यावर उपकार करत आहेत. म्हणाले, "पाय छान आहे बाई. पण हा किती टिकेल? लिहून द्याल?"

"नाही देणार," मी म्हटलं. "किती टिकेल ते मला माहीत नाही. पावसाळाभर टिकेल, नाहीतर गणपतीतच तुटेल. तुटला की मी दुसरा करीन. आधी मी पाय मागत फिरत होते साहेब, आता मला तो करता येतो. राख वाडीत लागेल तेवढी आहे."

साहेब थोडं नरमून, अगदी काळजीने म्हणाले, "आणि चढताना तुम्हीच थकलात तर?"

"तुम्ही एकदा वर शाळा तपासायला या. मग कोण थकतं ते बघू."

साहेब अजून आलेले नाहीत. शाळा चालू आहे.